कुरकुर

आवाजांना नावे देण्याच्या बाबतीत मराठी भाषेने जो उदारपणा दाखविला आहे तसा तिने तत्त्वज्ञानाच्या परिभाषेतही दाखविलेला नाही. नव्या वहाणा करकर वाजतात, रातकिडा किरकिर करतो, जुनी खाट कुरकुरते, जाते घरघरते, सैल झालेली खिडकी खडखडते, आणि वंगण आटलेले बैलगाडीचे चाक वाटभर कुईकुई करीत जाते. या शब्दांपैकी एकाच्या जागी दुसरा घालून पाहा. कानाला लगेच खटकेल. त्याहूनही मौजेची गोष्ट ही की, हे शब्द निर्जीव वस्तूंकडून सजीवांकडे बिनदिक्कत ये-जा करतात. खाटेप्रमाणे माणूसही कुरकुरतो, रातकिड्याप्रमाणे तान्हे मूलही किरकिर करते, आणि अखेरच्या घटका मोजणाऱ्या देहाला घरघर लागते. मोट, गाडी आणि जाते यांच्या सहवासात ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या त्यांना चाकाच्या आवाजात नुसता आवाज ऐकू येत नसे; त्यात कोणाचे तरी दुखणे ऐकू येत असे.

हा शब्दसंग्रह आता केवळ ललित लेखकांच्या उपयोगाचा उरला आहे असे जर कोणाला वाटत असेल, तर त्याने एकदा मोटारगाडीचे बॉनेट उघडून इंजिनाच्या पट्ट्यापाशी कान द्यावा. गाडीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तकात 'असाधारण आवाज' एवढ्या एकाच शब्दप्रयोगावर सारे भागविलेले असते. आमच्या आजीने मात्र त्या आवाजांची चार निरनिराळी नावे सांगितली असती, आणि गंमत अशी की, त्या चार नावांना चार निरनिराळे रोग अनुरूप ठरले असते.

ज्यांना या पट्ट्याचा परिचय नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. इंजिनाच्या एका अंगाला एक काळा रबरी पट्टा असतो. इंजिनाचा मुख्य दांडा फिरला की त्याच्या टोकावरची मोठी पुली फिरते, आणि तिच्या भोवतीचा पट्टा आपल्याबरोबर इतर पुल्यांना फिरवितो. एक पुली वीज निर्माण करणाऱ्या अल्टरनेटरची, एक गाडी थंड ठेवणाऱ्या कॉम्प्रेसरची, पुष्कळ गाड्यांत एक पाण्याच्या पंपाची, आणि जुन्या धर्तीच्या गाड्यांत आणखी एक स्टिअरिंग हलके करणाऱ्या पंपाची. पद्मिनी आणि ॲम्बॅसेडर या गाड्यांत पाचरीच्या आकाराचा साधा पट्टा असे, आणि तो पंख्यालाही फिरवीत असे. म्हणून त्याला 'फॅनबेल्ट' हे नाव पडले. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत पंखा स्वतःच्या विजेच्या मोटरीवर फिरतो. पट्ट्याशी त्याचा काडीमात्र संबंध उरलेला नाही. तरीही मिस्त्री लोक त्याला फॅनबेल्टच म्हणतात. जहागीर गेली तरी जहागीरदार हे नाव जात नाही, त्यातलाच हा प्रकार.

हल्लीचा पट्टा रुंद, चपटा आणि आतल्या अंगाला लांबीच्या दिशेने रेघा असलेला असतो. १९७९ साली अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या मस्टँग गाडीत असा एकच पट्टा सगळ्या पुल्यांवरून सापासारखा वळणे घेत नेण्यात आला, आणि पुढे ती पद्धत सर्वत्र रूढ झाली. या मांडणीत दोन पुल्या अशा असतात की ज्या स्वतः कोणतेच यंत्र चालवीत नाहीत. त्यांपैकी आयडलर नावाची पुली पट्ट्याला नुसती वाट दाखविते; दुसरी, टेन्शनर, स्प्रिंगच्या जोरावर त्याला ताणून धरते. पट्टा पुलीला जितका अधिक वेढा घालील तितकी त्याची पकड वाढते, आणि ती थोडथोडकी नव्हे, झपाट्याने वाढते. बंदरावरचा नावाडी दोराचे दोन-तीन वेढे खुंटाला घालून एका हाताने होडी रोखून धरतो, त्यामागील नियम हाच. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने तो सूत्रात बसविला. नावाड्याला तो त्यापूर्वीच ठाऊक होता. पट्ट्याला जागोजाग वळवून वेढा वाढवावयाचा, एवढ्यासाठी ही बिनकामाची वाटणारी पुली तेथे बसविलेली असते. घरातही अशी माणसे असतात. ती काय करतात हे ती नसल्यावर कळते.

आता आवाजांकडे वळू. पहिला आवाज किंचाळीचा. सकाळी गाडी सुरू करताच, त्यातही पावसाळी हवेत, दोन-चार क्षण शेजाऱ्यांची झोप मोडेल अशी एक किंकाळी उठते आणि आपोआप विरते. इंजिन सुरू करण्यात बॅटरीची जी शक्ती खर्च झाली ती भरून काढण्यासाठी अल्टरनेटरवर एकदम भार येतो, आणि सैल झालेला किंवा झिजलेला पट्टा त्याच्या पुलीवर घसरतो. दिवे आणि एअर कंडिशनर एकदम लावले तरी हाच प्रकार घडतो.

घसरण्याचा आवाज का व्हावा, याचे उत्तर गायनशाळेत सापडते. व्हायोलिनची कामटी तारेवरून ओढली असता ती तारेला क्षणभर धरते, तार ताणली जाते, सुटते, पुन्हा धरली जाते. या धर-सोडीची शेकडो आवर्तने एका सेकंदात होतात आणि त्यांतून स्वर निघतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी प्रकाशाकडे वळण्यापूर्वी याच विषयावर पुष्कळ परिश्रम केले होते, आणि व्हायोलिनवर्गीय वाद्यांच्या कंपनांवरील त्यांचा प्रबंध १९१८ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. घसरणाऱ्या पट्ट्याची किंचाळी ही त्याच धर-सोडीची एक गावंढळ बहीण आहे. पूर्वी गिरण्यांतून पट्टा घसरू लागला की त्याच्यावर राळ टाकीत. व्हायोलिनवादकही कामटीला राळच लावतो. एकाने आवाज बंद व्हावा म्हणून, दुसऱ्याने आवाज निघावा म्हणून! दोघांनाही राळेकडून हवी असते ती पकडच. पट्ट्याने ती सोडू नये, आणि कामटीने ती धरावी नि सोडावी, एवढाच फरक.

दुसरा आवाज चिवचिवीचा. हा बारीक, तालबद्ध आणि इंजिन संथ चालत असता विशेष जाणवणारा असतो. एखादी पुली इतरांच्या रांगेतून किंचित बाहेर गेली किंवा तिरपी झाली, तर पट्टा तिच्यावर सरळ न चढता कडेने घासत चढतो आणि दर वेळी कुरकुर नोंदवितो. तिसरा आवाज घरघरीचा. तो पट्ट्याचा नव्हेच. पुलीच्या पोटातील बेअरिंगचे वंगण आटले आणि त्यातील गोळ्यांची वाट खडबडीत झाली की तो सुरू होतो. चौथा आवाज खुळखुळ्यासारखा. टेन्शनरची स्प्रिंग थकली, किंवा अल्टरनेटरची एकाच दिशेने मोकळी फिरणारी पुली अडकली, म्हणजे तो ऐकू येतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी संथ चालत असता मिनिटाला १,६०० ठोके देत असते. हे धक्के गिळण्याचे काम ज्यांच्याकडे असते ते थकले, म्हणजे धक्के ऐकू येऊ लागतात.

यांतील पहिल्या दोन आवाजांचा भेद करण्याची एक युक्ती इतकी साधी आहे की तिच्यापुढे पुस्तकी ज्ञानाने मान खाली घालावी. चालत्या पट्ट्याच्या रेघांच्या अंगावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारावयाचा. पाणी पडताच आवाज वाढला तर पट्टा घसरत आहे, म्हणजे ताण कमी आहे. आवाज काही क्षण थांबला आणि पट्टा वाळताच परत आला, तर पुली रांगेत नाही. आणि पाण्याचा त्याच्यावर काहीच परिणाम झाला नाही, तर पट्ट्याला सोडून बेअरिंगकडे वळावे. मात्र हा प्रयोग हौसेने कोणी करू नये. पदर, उपरणे, मोकळे केस आणि सैल बाही यांना चालत्या पट्ट्याजवळ जागा नाही.

मोजण्याचीही एक रीत आहे. समजा, मोठ्या पुलीचा घेर अर्धा मीटर आहे आणि ती मिनिटाला ८०० फेऱ्या घेत आहे; म्हणजे पट्टा मिनिटाला ४०० मीटर धावला. पट्टा दोन मीटर लांबीचा असेल तर त्याच्या मिनिटाला २०० फेऱ्या झाल्या, सेकंदाला तीनहून किंचित अधिक. पट्ट्यावर एका जागी इजा झाली असेल तर तिचा आवाज सेकंदाला तीनदा येईल, आणि तो घड्याळ धरून मोजता येईल. पुलीचा दोष मात्र सेकंदाला तेरा वेळा किंवा त्याहून अधिक वेळा बोलेल. तो मोजता येणार नाही, त्याची घरघर होईल. जे मोजता येते ते पट्ट्याचे, जे मोजता येत नाही ते पुलीचे, असा ठोकताळा यातून निघतो.

हे सारे मला ग्रंथांतून कळले नाही. आमच्या गाडीत मागे एका पावसाळ्यात एक आवाज शिरला, आणि तो प्रथम ऐकला आमच्या कन्येने. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. "बाबा, गाडीत चिमणी ओरडतेय," असे ती म्हणाली. मला चिमणी ऐकू येत नव्हती. पन्नाशी उलटली की कान वरच्या पट्टीतील बारीक आवाज हळूहळू सोडून देऊ लागतात, हे शरीरशास्त्र मला ऐकून ठाऊक होते. ते स्वतःच्या गाडीत प्रत्ययास येत होते. बॉनेट उघडून मी पट्ट्यापाशी वाकलो तेव्हा कोठे तिची चिमणी मला पुसट ऐकू आली.

गाडी एका मोठ्या, चकचकीत कार्यशाळेत नेली. तेथे पट्टा बदलण्यात आला, पावती देण्यात आली, आणि चिमणी उडून गेली. आठ दिवसांनी ती परत आली. पुन्हा नेली असता पट्ट्यावर चिकट द्रव्याचा फवारा मारण्यात आला. या वेळी ती चारच दिवस गप्प बसली. त्या पुढच्या रविवारी आम्हां सर्वांना ताम्हिणी घाटातून माणगावास एका लग्नाला जावयाचे होते. सौभाग्यवतींचे मत असे की, इतका बारीक आवाज असेल तर त्याचे एवढे काय मनावर घ्यावयाचे? कन्येचे मत असे की, चिमणी आता पूर्वीपेक्षा मोठ्याने ओरडते. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याने, ज्याला ऐकू येते त्याच्या बाजूने मत द्यावे, हे मला रास्त वाटले. आणि आम्ही दोघे गाडी घेऊन पेठेतील एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्री सत्तरीचे. आयुष्य इंजिनांच्या गदारोळात गेल्यामुळे त्यांचे कान माझ्याहूनही थकलेले. त्यांनी प्रथम गाडीला हातही लावला नाही, प्रश्न विचारले. आवाज सकाळी येतो की दिवसभर? पावसात वाढतो का? दिवे लावल्यावर बदलतो का? आणि ही उत्तरे त्यांनी माझ्याकडून न घेता कन्येकडून घेतली. मग त्यांनी हाताखालच्या पोराला पाणी मारावयास सांगितले, आणि दोघां तरुणांच्या तोंडाकडे पाहात उभे राहिले. "थांबला," पोरगा म्हणाला. "परत आला," कन्या म्हणाली. मिस्त्रींनी मान डोलावली. त्यांना स्वतःला काहीही ऐकू आले नव्हते.

त्यानंतर त्यांनी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला. त्याचे टोक एकेका पुलीजवळच्या न फिरणाऱ्या भागावर टेकवावयाचे आणि मूठ कानापुढच्या हाडाला लावावयाची. १८१६ साली पॅरिसमध्ये लायनेक या वैद्याने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि तीतून स्टेथास्कोप जन्माला आला. मिस्त्रींनी त्या वैद्याचे नाव ऐकले नसेल, पण तो त्यांना परका वाटला नसता. अल्टरनेटर, पंप, टेन्शनर असे क्रमाक्रमाने ऐकत ते आयडलरपाशी थांबले. "याला घरघर लागलीय," ते म्हणाले. बारीक आवाज त्यांच्या कानांतून निघून गेले होते, परंतु हाडांतून येणारी खर्जातील घरघर अजून शाबूत होती. इंजिन बंद करून पट्टा उतरविला आणि त्यांनी ती पुली बोटांनी फिरवून माझ्या हाती दिली. चांगली पुली निःशब्द आणि गुळगुळीत फिरते. ही हाताला वाळूसारखी लागत होती, आणि आसावर किंचित डुलतही होती. त्या डुलण्याने ती रांगेतून तिरपी होई, आणि नवा पट्टा तिच्यावर चढताना ओरडे.

"सर, रडतोय पट्टा, दुखतंय पुलीला," मिस्त्री म्हणाले. "रडणाऱ्याला किती वेळा बदलणार?"

ती पुली घाटात अडकून बसली असती तर तिच्यावर घासून पट्टा जळाला असता आणि तुटला असता. आमच्या गाडीत पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालतो. म्हणजे वीज बंद, पंप बंद, आणि भर पावसात, चढावर, चार माणसांनिशी तापलेले इंजिन. नव्या पुलीची किंमत पहिल्या कार्यशाळेच्या पावतीच्या निम्म्याहूनही कमी होती.

मिस्त्रींचे ते वाक्य मला गाडीपुरते वाटत नाही. आवाज करणारा तोच दोषी, ही समजूत आपल्या हाडीमाशी इतकी खिळलेली आहे की, वर्गात जो विद्यार्थी कुरकुरतो त्याला आपण बाहेर काढतो, कचेरीत जो कारकून तक्रार करतो त्याची बदली करतो, घरात जे मूल किरकिरते त्याला गप्प करतो. त्यायोगे शांतता लाभते हे खरे. नव्या पट्ट्यानेही आठ दिवस शांतता लाभली होती. परंतु पट्टा हा एकटाच असा असतो की जो सर्व पुल्यांना स्पर्श करून जातो. साहजिकच कोणाचेही बिघडले तरी बोभाटा त्याच्या तोंडून होतो. तो साक्षीदार असतो. साक्षीदाराला शिक्षा देऊन खटला मिटविता येतो, गुन्हा मिटविता येत नाही.

डोळ्यांवर भिस्त ठेवूनही भागत नाही. जुने पट्टे निओप्रीन रबराचे असत आणि त्यांच्यावर भेगा पडत. त्या मोजून पट्ट्याचे वय सांगता येई. आताचे ईपीडीएम रबराचे पट्टे सहसा भेगाळत नाहीत. टायराप्रमाणे त्यांच्या रेघांची खोली आतल्या आत झिजत जाते. दिसावयास पट्टा धडधाकट, आणि पकड संपलेली. अशा वेळी मापाने तपासणे किंवा कान देणे, हे दोनच मार्ग उरतात.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत हा पट्टाच नाही. स्टिअरिंगचा भार तर बहुतेक नव्या पेट्रोलच्या गाड्यांतही आता विजेच्या मोटरीने उचलला आहे. पुढच्या पिढीला ही चिवचिव आणि ही किंचाळी कदाचित ऐकावयासही मिळणार नाही. त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. मोटेचे चाक थांबल्याने विहिरीचे पाणी काही आटले नाही. तथापि बेअरिंगे त्या गाड्यांतही आहेत, आणि जेथे फिरणारे चाक आहे तेथे केव्हा ना केव्हा घरघर आहेच. ऐकणारा मात्र हवा.

आमची कन्या आता शिक्षणासाठी दूरच्या शहरात असते. सुटीत ती घरी आली की स्टेशनावरून परत येताना तिला मी पुढच्या आसनावर बसवितो, काचा वर घेतो, रेडिओ बंद करतो, आणि पहिला चौक ओलांडला की विचारतो, "काही ऐकू येते का?" ती बराच वेळ कान देऊन बसते. बहुधा "नाही बाबा, सगळं ठीक आहे," असेच तिचे उत्तर असते. तेवढे ऐकले म्हणजे पुढल्या सुटीपर्यंत मी निर्धास्त असतो.